विकलेल्या फायलीचा परतावा : एका जुन्या शिक्षकाचे अनुभव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात घरगुती उद्योगांच्या सत्रात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी डिजिटल वस्तूंची विक्री आणि तीत येणाऱ्या परताव्याच्या अवाजवी मागण्या या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा केली, तेव्हा मला संकोच वाटला. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेला, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत हयात घालविलेला मनुष्य आहे. व्यापारशास्त्र किंवा कायदा यांचे माझे ज्ञान ठेच लागून झालेले, तेवढेच. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, आपल्या सभासदांच्या घरोघरी आता मुली-सुना मोबाइलवरून काही ना काही विकीत आहेत. कोणी भरतकामाचे नमुने, कोणी फराळाच्या कृतींचे पुस्तक, कोणी शिष्यवृत्तीच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका. विकणे त्यांना जमते. पण कोणी पैसे परत मागितले की त्या रडकुंडीस येतात, नाहीतर भांडावयास उठतात. आपण दोन्ही केलेले आहे, तेव्हा आपणच बोला." हा युक्तिवाद मला खोडून काढता आला नाही.

प्रथम ही डिजिटल वस्तू म्हणजे काय, याचा थोडा विचार करू. आपण कासार मंडळी. देणेघेणे आपल्या रक्तात आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि परत येणाऱ्या मालाचे आपले असे रिवाजही आहेत. माझे वडील पेठेतील आमच्या लहानशा दुकानात बसून बांगड्या भरीत. त्यांचा नेम असा होता की, भरताना बांगडी मनगटावर फुटली तर नुकसान दुकानाचे. गिऱ्हाईक उंबरठा ओलांडून गेले की मग फुटेल ती तिची. यावर वाद झाल्याचे मला आठवत नाही, कारण उंबरठा कोठे आहे हे दोघांनाही दिसत असे. भांड्यांचा प्रकार निराळा. तांब्याची घागर सहा महिने वापरून कोणी परत आणली, तर वडील ती तराजूत घालीत आणि घट वजा करून मोडीत जमा करीत. घागर गेली तरी तांबे परत येत असे, आणि तांब्याला भाव होता.

फायलीचे तसे नाही. आपण पाठविलेले पुस्तक ग्राहकाने आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतले की ते त्याच्याजवळ राहते. तो पैसे परत मागतो तेव्हा पैसे परत जातात, परंतु वस्तू परत येत नाही. तराजूत घालावयास काहीच नसते. म्हणून विकणाऱ्यास वाटते की, याने घागरही नेली आणि दामही नेले. उलट ग्राहक म्हणतो की, या गृहस्थाचे गेले काय? त्याच्याजवळ मूळ प्रत आहेच. दुसरी काढण्यास त्याला ना धातू लागत ना भट्टी. बंधुभगिनींनो, मी पुष्कळ विचार केला आणि माझे मत असे झाले आहे की, ग्राहकाच्या म्हणण्यात आपण मानतो त्याहून अधिक तथ्य आहे. एक प्रत फुकट गेल्याने आपण बुडत नाही. आपल्याला झोंबतो तो अपमान, आणि तो हिशेबाच्या वहीत कोणत्या खात्यावर मांडावा हे मला अद्याप कळलेले नाही.

आता माझ्या उद्योगाविषयी सांगितले पाहिजे. २०१६ साली मी सेवानिवृत्त झालो आणि शासनाच्या पुराभिलेख विभागाच्या वतीने भरणाऱ्या मोडी लिपीच्या वर्गास जाऊ लागलो. आमच्या घरी आजोबांच्या चोपड्या होत्या. त्या वाचता येत नाहीत याची मला शाळेत असल्यापासून खंत होती. लिपी अंगवळणी पडल्यावर मी इतरांना शिकवू लागलो. पुढे २०२० साली टाळेबंदी आली आणि वर्ग बंद पडला, तेव्हा आमच्या सूनबाईंनी हे पाठ डिजिटल रूपाने विकण्याची कल्पना काढली. तीस पाठ, मी फळ्यावर अक्षरे काढून दाखवितो आहे अशा पंधरा चित्रफिती, आणि सरावाचे एक ई-पुस्तक. किंमत ३४९ रुपये. (आपल्या लोकांत जुन्या भांड्याची मोडी आणि लिपीची मोडी यांवरून माझी थट्टा होते. होऊ द्या.)

प्रारंभी मागणी बेताची होती. परंतु २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कित्येक जुनी दप्तरे मोडीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांचा एकाएकी भाव वाढला, आणि आमच्या पाठांची विक्रीही वाढली. त्याबरोबरच परताव्याच्या मागण्या येऊ लागल्या. पूर्वी महिन्याकाठी एखादी येई. आता आठवड्यास तीन-चार.

त्यांतील काही मासले सांगतो. एका गृहस्थांनी रात्री नऊ वाजता पाठ विकत घेतले आणि सकाळी सात वाजता विचारले की, आमच्या पणजोबांची नोंद यात कोणत्या पानावर आहे? मी लिहिले की, हे लिपी शिकण्याचे पुस्तक आहे, नोंदींचे नव्हे. त्यांनी उलट लिहिले, "मग नोंद तुम्ही शोधून द्या, नाहीतर पैसे परत करा." दुसरे एक तरुण चार महिन्यांनी आले. मोडी वाचकाचे काम मिळाले नाही, सबब पाठ निरुपयोगी, असे त्यांचे म्हणणे. शाळेत चाळीस वर्षे मागे ज्याला पाढे शिकविले, त्याने आज येऊन मी कारकून झालो नाही म्हणून फी परत मागावी, त्यातलाच हा प्रकार. तिसऱ्यांना मी पैसे परत केले, कारण त्यांनी आजारपणाचे कारण दिले होते. पुढल्याच पंधरवड्यात एका अनोळखी मुलाने मला सतराव्या पाठातील एका जोडाक्षराची शंका विचारली. हा पाठ तुला कोठे मिळाला, असे मी विचारता तो निरागसपणे म्हणाला, "आमच्या ग्रुपवर सगळे तीस पाठ आले आहेत, सर." कोणी टाकले, ते त्याने नावासह सांगितले. मुलाची शंका मात्र चांगली होती; मी तिचे निरसन केले.

एक प्रकार तर सरळ चोरीचा होता. एका इसमाने कळविले की, ३४९ ऐवजी चुकून ३,४९० रुपये आपणास पाठविले गेले, तरी वरचे ३,१४१ रुपये त्वरित या क्रमांकावर परत करावेत. सोबत पैसे गेल्याचे चित्र होते, आणि मला एक संदेशही आला होता, तो दिसण्यात बँकेसारखाच. सूनबाईंनी आमचे खाते उघडून पाहिले. त्यात एक छदामही आला नव्हता. येथे बसलेल्या भगिनींनी हे नीट ध्यानात घ्यावे. पैसे आले की नाही ते दुसऱ्याने पाठविलेल्या चित्रावरून किंवा संदेशावरून ठरवू नये, आपल्या खात्यात पाहून ठरवावे. पैसे आपल्याकडे येण्यासाठी आपल्याला पिन घालावा लागत नाही. जो तो घालावयास सांगेल, तो पैसे देत नसून नेत आहे. आणि परतावा द्यावयाचा झाल्यास ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत पाठवावा, दुसऱ्या कोणाच्या क्रमांकावर कदापि नाही.

परंतु सर्वच मागण्या अशा नसतात, आणि येथूनच विषय अवघड होतो. एका वृद्ध गृहस्थांनी लिहिले की, मला टपालाने छापील पुस्तक येईल असे वाटले होते. मला मोबाइलवर वाचता येत नाही. मी रागावून सूनबाईंस म्हटले, "ही माणसे वाचीत का नाहीत? आपण डिजिटल असे स्पष्ट लिहिले आहे." त्यांनी काही न बोलता आमची जाहिरात माझ्यापुढे धरली. तिच्यावर जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे एक पुस्तक काढलेले होते. असे पुस्तक जगात कोठेच नव्हते. शोभा यावी म्हणून आम्हीच ते काढून घेतले होते. डिजिटल हा शब्द खाली बारीक अक्षरांत होता. पैसे त्याच दिवशी परत केले आणि चित्र बदलले. त्यानंतर छापील पुस्तकाची मागणी करणारे पत्र आलेले नाही.

कायद्याविषयी थोडे सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २०२० च्या जुलैत अमलात आला, आणि त्याच महिन्यात त्याखाली ई-वाणिज्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांत डिजिटल वस्तूंचाही अंतर्भाव आहे. वस्तू सदोष, उणी किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, अथवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचली असेल, तर विक्रेत्यास पैसे परत करण्याचे नाकारता येत नाही. दुकानात पाटी लावून किंवा पानाच्या तळाशी ओळ छापून ही जबाबदारी टळत नाही. पण ग्राहकाचे केवळ मन बदलले, तर पैसे परत केलेच पाहिजेत असे हे नियम सांगत नाहीत. तेथे आपण स्वतः जे वचन दिले असेल ते बंधनकारक. आपण पंधरा दिवसांचा परतावा जाहीर केला असेल तर पंधराव्या दिवशी रात्री आलेली मागणीही मान्य करावी लागते. ग्राहकांस तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तो आपणही, ग्राहक म्हणून, टिपून ठेवावा.

युरोपात निराळी रीत आहे. तेथे दुरून घेतलेल्या वस्तूबाबत चौदा दिवसांत मन बदलण्याचा अधिकार आहे. मात्र डिजिटल मजकुराबाबत, तो लगेच मिळावा आणि त्यामुळे हा अधिकार जाईल हे मला मान्य आहे, असे ग्राहकाने आधी स्पष्टपणे कबूल केले असेल, तर उतरविणे सुरू होताच तो संपतो. जर्मनीत नोकरीस असलेल्या एका मराठी तरुणाने आम्हांस या नियमाचा हवाला दिला होता. आम्ही तशी कबुली कोठेच घेतलेली नव्हती. तो नियम आमच्या गावापर्यंत पोचतो किंवा नाही, यावर खल न करता आम्ही पैसे दिले. ती रीत मात्र मला आवडली, कारण तिने उंबरठा कोठे आहे ते आधीच दाखविलेले असते. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने २०१५ पासून अशी तजवीज ठेवली आहे की, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. त्यांना खेळण्याचे तास मोजता येतात. आमच्या वाचकाने किती पाने वाचली, ते मला मोजता येत नाही. म्हणून आम्ही पहिले तीन पाठ सर्वांस विनामूल्य ठेवले. ज्याला मनगटावर घालून पाहावयाचे असेल त्याने आधीच पाहावे. या एका गोष्टीने मागण्या जितक्या कमी झाल्या, तितक्या माझ्या लांबलचक उत्तरांनी कधीच झाल्या नाहीत.

आता जी हकीकत सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही, ती सांगतो.

२०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातील एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे यजमान निवर्तले होते. घरात एक पेटी होती, तीत जुने मोडी कागद. त्यांतला शेताचा कागद कोणता एवढे तरी आपले आपल्याला ओळखता यावे, मग वाचणाऱ्याकडे तेवढाच न्यावा, कारण वाचणारा प्रत्येक पानाचे पैसे घेतो, असे त्यांनी लिहिले होते. पुढे म्हटले होते, "गुरुजी, सरावाचे पुस्तक उघडले, तर सर्व अक्षरे चौकोनी दिसतात. काही वाचता येत नाही. माझे पैसे परत मिळावेत."

त्या दिवशी माझ्याकडे आधीच दोन मागण्या येऊन पडल्या होत्या. त्यांतली एक त्या पणजोबांच्या नोंदीवाल्या गृहस्थांचीच होती, तिसऱ्यांदा. माझे मन विटलेले होते. मोडी प्रथम पाहणाऱ्यास सगळी अक्षरे सारखीच दिसतात, हे मी प्रत्येक वर्गात ऐकलेले. कोणाला ती वेलांटीसारखी दिसतात, कोणाला मुंग्यांसारखी. या बाईंना चौकोनी दिसली असतील, असे मी समजलो. मी त्यांना लिहिले की, कोणतीही लिपी प्रथम दुर्बोधच भासते, धीर सोडू नये, रोज अर्धा तास अभ्यास करावा म्हणजे सर्व सुलभ होईल. मला ते उत्तर फार चांगले वाटले. मी ते सूनबाईंस वाचूनही दाखविले.

दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले, "अभ्यास करीन, पण अक्षरे तर दिसली पाहिजेत ना?" हे वाक्य मला उर्मट वाटले. आज मी ते आपल्यासमोर उच्चारले, तेव्हा येथे बसलेल्या लहान मुलालाही त्याचा अर्थ कळला असेल. परंतु मी मनाशी निकाल करून बसलो होतो. अशा मागण्यांसाठी आम्ही एक ठराविक मजकूर तयार करून ठेवला होता : आपली मागणी आमच्या नियमांत बसत नसल्याने दिलगीर आहोत. तो मी पाठविला. तिसरे पत्र आले नाही. मी ती मागणी वहीत 'अवाजवी' या सदरात लिहिली.

मार्गशीर्षात आमच्या गावच्या वाचनालयात मी बसलो असता एका मुलाने आपल्या जुन्या मोबाइलवर आमचेच सरावाचे पुस्तक उघडले आणि मला विचारले, "सर, हे असे का दिसते?" मी चष्मा लावून पाहिले. मराठी मजकूर नीट होता. जेथे मोडी अक्षरे असावयास हवी होती, तेथे चौकोन होते. रिकामे, एकासारखे एक, ओळीने मांडलेले चौकोन; पानेच्या पाने.

याचे कारण असे. मोडी लिपीस संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, २०१४ साली स्थान मिळाले. परंतु स्थान मिळणे म्हणजे प्रत्येक यंत्रात त्या अक्षरांचे साचे असणे नव्हे. ज्या मोबाइलमध्ये मोडीचे साचे नाहीत, तो अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दाखवितो. पाठांमधील अक्षरे माझ्या हातची, चित्ररूपाने होती, त्यांना काही झाले नाही. सरावाच्या ई-पुस्तकातील अक्षरे मात्र टंकलिखित होती, आणि आम्ही त्या फायलीत साचे समाविष्ट केले नव्हते. आमच्या संगणकावर ते होते, म्हणून आम्हांस सर्व उत्तम दिसत होते. त्या बाईंनी जे पाहिले ते शब्दशः खरे लिहिले होते. अक्षरे चौकोनीच होती.

मी घरी आलो आणि ते पत्र शोधून काढले. त्या रात्री आमच्याकडे कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत केले, क्षमा मागितली, दुरुस्त केलेले पुस्तक पाठविले, आणि लिहिले की, पेटीतील सर्व कागदांची छायाचित्रे पाठवावीत, मी विनामूल्य वाचून देईन; इतकेच नव्हे, सवड असल्यास मी स्वतः येईन. पैसे त्यांच्या खात्यात पोचल्याची नोंद आमच्याकडे आहे. पत्राचे उत्तर मात्र आले नाही. शेताच्या कागदाचे पुढे काय झाले, तो वेळेवर सापडला का, हे मला ठाऊक नाही.

नंतर आम्ही ते ई-पुस्तक घेतलेल्या सर्वांस कळविले की, पूर्वीच्या प्रतीत दोष होता. उलट अकरा जणांनी लिहिले की, त्यांनाही चौकोनच दिसले होते. त्यांनी पैसे मागितले नव्हते, तक्रार केली नव्हती; गुरुजींचे पुस्तक आहे, आपल्यालाच समजत नसेल, असे म्हणून ते गप्प राहिले होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर दुसरा मोबाइल घेण्याचा विचार केला होता. पैसे परत मागणाऱ्यांचा मला जो वैताग होता, तो मी या अकरा जणांची पत्रे वाचली तेव्हा उतरला. त्या एका बाईनेच माझ्यावर उपकार केले होते. आणि मी तिला अभ्यास करावयास सांगितले.

त्यानंतर आमच्या घरी जी पद्धत पडली, ती अशी आहे. मागणी आली की हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी एकच विचारावयाचे : आपल्याला काय दिसते आहे, त्याचे छायाचित्र पाठवा. खरा त्रास असणारा मनुष्य तासाभरात छायाचित्र पाठवितो. ज्याला पुस्तक ठेवून पैसेही हवे असतात, तो बहुधा रागावतो किंवा विषय बदलतो. पण रागावलेला प्रत्येक जण लबाड समजू नये, हेही मी शिकलो आहे. दोष आमचा निघाला तर त्याच दिवशी पूर्ण रक्कम, कारण न लांबविता. मन बदलले असेल तर सात दिवसांपर्यंत परतावा, एका ग्राहकास एकदाच. असे आम्ही पैसे घेण्याच्या बटनाच्या वरच, ठळक अक्षरांत लिहिले आहे, खाली नव्हे. सात दिवसांनंतर नम्रपणे नकार, एका वाक्यात. लांब उत्तर लिहू नये. लांब उत्तर ग्राहकासाठी नसते, ते आपण आपल्या समाधानासाठी लिहितो. आणि रात्री तर मुळीच लिहू नये.

कोणी म्हणेल, सात दिवसांत कोणीही पाठ उतरवून घेईल आणि पैसे परत नेईल. नेतात. वर्षाकाठी थोडे नेतात. पैसे पोचविणारी कंपनी विक्रीच्या वेळी जी हशील कापते, तीही परताव्यात बहुधा परत मिळत नाही, म्हणजे खिशातून चार-आठ रुपये जातात. वडिलांच्या दुकानात भरताना फुटणाऱ्या बांगड्यांचा खर्च बांगडीच्या भावात धरलेला असे. तसा आम्हीही तो किमतीत धरला आहे. जे ओळखूनसवरून फसवितात, त्यांची नावे वहीत आहेत. त्यांना पुन्हा पाठ विकीत नाही. प्रत्येक प्रतीवर आता घेणाऱ्याचे नाव उमटते, त्यामुळे ती चार ठिकाणी वाटताना मनुष्य थोडा थबकतो. कार्डाने पैसे देणारा कधी आपल्या बँकेकडेच तक्रार करून रक्कम मागे ओढतो. अशा वेळी पाठ केव्हा पाठविले आणि केव्हा उतरविले गेले याची नोंद जवळ असेल तर आपली बाजू मांडता येते, नसेल तर मुकाट्याने सोडून द्यावे. वाईट अभिप्राय लिहीन अशी धमकी देणाऱ्यास मी एवढेच लिहितो की, आपण अवश्य लिहावे. दोघांनी लिहिले. विक्री होते तितकीच होते आहे.

राहता राहिली आपली माणसे. हा विषय चिटणीसांनी मला सांगितला नव्हता, पण सभागृहात बऱ्याच जणी एकमेकींकडे पाहून हसत आहेत, त्या अर्थी तो टाळता येणार नाही. परका ग्राहक पत्र लिहून पैसे मागतो. आपला मामेभाऊ मुंजीच्या पंगतीत, वरणभात वाढला जात असताना, "गुरुजी, ते तुमचे मोडीचे काही जमले नाही हो" असे चारचौघांत म्हणतो. त्याचा अर्थ आपल्याला कळतो. माझ्या बाबतीत हे घडले, तेव्हा मी तेथेच पैसे काढून दिले आणि दिल्यावर वर्षभर त्याच्याशी अवघडून वागलो. सूनबाईंचे मत असे की, ज्ञातीतील माणसास एकतर भेट म्हणून द्यावे आणि तसे तोंडाने सांगावे, नाहीतर पूर्ण किमतीस विकावे आणि परक्याचे जे नियम तेच त्यालाही सांगावेत. निम्म्या किमतीत देऊ नये, कारण निम्म्या किमतीत घेणाऱ्यास आपण उपकार केला असे वाटते आणि देणाऱ्यासही तसेच वाटते. या बाबतीत मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. माझ्या हातून अजूनही निम्म्या किमतीत दिले जाते. परंतु आपल्या दुकानांत जे उधारीवर बुडाले ते परक्यांमुळे किती आणि आपल्यांमुळे किती, याचा हिशेब ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या असतील त्यांनी काढून पाहावा. मोडी वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणाव्यात. वाचून देण्याचे मी काही घेत नाही.

अध्यक्षमहाशयांनी मला वेळेची जाणीव करून दिली आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास चहाच्या वेळी अवश्य विचारावे. दारापाशी मेजावर आमच्या पाठांचे नमुने ठेवले आहेत, आणि शेजारी तो जुना मोबाइलही ठेवला आहे. वाचनालयातल्या त्या मुलाकडून मी तो मागून आणला. ज्यांना पाठ घ्यावयाचे असतील त्यांनी आधी त्या मोबाइलवर सरावाचे पुस्तक उघडून पाहावे, अक्षरे दिसतात याची खात्री करून घ्यावी, आणि मगच सूनबाईंकडे जावे.